सोनबा मिस्त्रीची फेरी

सोनबा मिस्त्रीला आयुष्यात एकच फेरी पाहिजे होती. दोन मैलांची, तीही दुसऱ्याच्या मोटारीतून. माणसं देवाकडं काय काय मागतात, आणि पुष्कळांना ते मिळतंही. ह्या माणसाचं मागणं इतकं किरकोळ होतं, की कुणी खोदून विचारलं असतं तर सांगायचीही त्याला लाज वाटली असती.

बारामतीतून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला कडुनिंबाखाली त्याचं पत्र्याचं शेड होतं. पाटाच्या पाण्यानं सगळीकडं ऊस झालेला. जिथं पाट पोचत नव्हता तिथं विहिरींवर ऑइल इंजिनं आली होती, आणि ती आज ना उद्या आजारी पडून सोनबाच्या दारात यायची. बैलगाडीत घालून, दोरखंडानं आवळून, वर गोणपाट टाकून. सोनबा इंजिनाजवळ जायच्या आधी पायातल्या वहाणा काढायचा. खळ्यात कुणी पायताण घालून पाय ठेवत नाही. त्याच्या बापानं, गेणबानं, तो नियम लहानपणी दोन थोबाडीत देऊन शिकवला होता. सोनबानं तो इंजिनाला लावला. जे पोटाला देतं तिथं अनवाणी जायचं, इतकंच त्याला कळत होतं.

पण त्यातून भलताच फायदा झाला. जमिनीत बसवलेलं इंजिन चालू करून सोनबा नुसता शेजारी उभा राहायचा आणि तळव्यांतून त्याला कळायचं, की कुठला बेअरिंग खाल्लाय आणि कुठला नट सैल आहे. कान सगळ्याच मिस्त्र्यांना असतात. सोनबाला तळवे होते. लोक हसायचे आणि इंजिन मात्र त्याच्याकडंच आणायचे.

सणसरच्या बापूसाहेबांची इंजिनंही त्याच्याकडंच यायची. बापूसाहेब उसाचे मोठे बागायतदार. मनानं दिलदार, बोलायला मोकळे आणि ऐकून घ्यायला अगदीच कच्चे. पाटाच्या कामावरचा एक गोरा इंजिनिअर सत्तेचाळीस साली मायदेशी गेला, तेव्हा त्याची दोन माणसांची लांबट, बसकी मोटार बापूसाहेबांच्या बंगल्यामागच्या गवताच्या खोलीत राहून गेली होती. उंदरांनी तिच्या गाद्या खाल्ल्या होत्या. बापूसाहेबांनी ती दोन बैल जुंपून ओढत सोनबाच्या दारात आणली आणि म्हणाले, "सोनबा, हिला उठीव. तुझ्याशिवाय हे कुनाचं काम न्हाय."

सोनबानं तिला उठवलं, आणि तेवढ्यावर तो थांबला नाही. पुढची चार वर्षं, पंपांच्या कामातून वेळ काढून, त्यानं त्या मोटारीची सगळी कुळकथा बदलली. मडगार्ड काढले, दारं काढली. इंजिनाचं हेड लेथवर नेऊन घासून आणलं, दुसरा कारबोरेटर बसवला. मागचा सगळा पत्रा सडला होता; तो गुऱ्हाळाच्या काहिली ठोकणाऱ्या रामहरीकडून ठोकून घेतला. रामहरी त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. वजन कमी करायचं म्हणून सोनबानं स्टार्टरसुद्धा काढून टाकला आणि गाडी हँडल मारून चालू करायची ठेवली. पायाखालच्या पेडलांची रबरं काढली, म्हणजे लोखंड थेट तळव्याला लागावं. आता त्या क्लचचं असं झालं, की तो केसभर जागेतच धरायचा. थोडं आधी सोडलं तर गाडी बंद, थोडं उशिरा सोडलं तर नुसती बोंबाबोंब. सोनबाच्या पायाला ती जागा ठाऊक होती. बापूसाहेबांनी बुटातल्या पायानं ती हळूहळू शिकून घेतली, वर्षभर सोनबाला शिव्या देत.

दुरुस्तीनंतर तपासायला म्हणून सोनबा गाडी इंदापूरच्या रस्त्यानं अंथुर्ण्यापर्यंत न्यायचा. पण तो रस्ता कसला? पुढं उसाच्या गाड्यांची रांग, त्यापुढं मेंढरं, त्यापुढं आणखी गाड्या. तिसऱ्या गिअरपर्यंत यावं आणि ब्रेकवर पाय द्यावा. वरचा चौथा गिअर सोनबानं स्वतःच्या हातानं जोडला होता, त्याचे दाते एकेक करून भिंगाखाली पाहिले होते, पण त्या गिअरात ती पुरी उघडल्यावर काय होतं हे त्याला ठाऊक नव्हतं. आपणच वाढवलेल्या लेकीचं हसणं कधी ऐकलं नसावं, तसं त्याला व्हायचं.

मग पंचावन्न साली बापूसाहेबांना पुण्यात कुणीतरी सांगितलं, की लढाईच्या दिवसांत बांधलेली विमानांची एक पट्टी ओसाड पडली आहे आणि मोटारींच्या शौकिनांचा एक क्लब वर्षातून एक रविवार ती मागून घेतो. आपली गाडी आणायची, पट्टीच्या दोन्ही टोकांना ठेवलेल्या पिंपांना वळसा घालून पळवायची. एका वेळी एकच गाडी, हातात घड्याळ घेतलेला एक साहेब. बारामतीत सगळे त्याला शर्यतच म्हणायचे, कारण नुसती पळवायला कोण इतक्या लांब जाईल हे कुणालाच पटेना.

पहिल्या वर्षी बापूसाहेबांनी चालवली आणि सोनबा दोरीच्या अलीकडं हत्यारांचं पोतं घेऊन उभा राहिला. गाडी समोरून गेली, तिनं तिसरा गिअर सोडला, आणि चौथ्यात तिनं जो सूर लावला तो सोनबानं कधी ऐकला नव्हता. त्याचे डोळे भरून आले. दोरीच्या अलीकडं साधी माती होती. पायाला काहीच कळत नव्हतं. त्याच क्षणी त्याला वाटलं, एकदा, फक्त एकदा, आपण त्या पत्र्यावर पाय ठेवून तिथून जायला पाहिजे.

घरी आल्यावर त्यानं हे बायकोला, प्रयागबाईला, सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मग मागा की. मालक काय खात्यात व्हय तुमाला?"

"मागायचं कसं?" सोनबा म्हणाला.

"तोंडानं."

सोनबाला ते जमलं नाही. पण प्रयागबाईनं आपल्या परीनं सोय केली. तिचं माहेर नरसिंहपूरचं. नीरा-भीमेच्या संगमावरच्या नरसिंहाला तिनं नवस बोलला, की माझ्या धन्याला एवढी फेरी मिळू दे, मी पुरणाचा नैवेद्य घेऊन येईन आणि ओल्या लुगड्यानं प्रदक्षिणा घालीन.

म्हणा नवसाचा गुण, म्हणा बापूसाहेबांचा दिलदारपणा, दुसऱ्या वर्षी बापूसाहेब आपणहून म्हणाले, "सोनबा, फारमात दुसऱ्या डायवरचं नाव लिवायला जागा हाय. दुपारच्याला त्याला एक फेरी देत्यात. तुझं लिवू?"

सोनबानं मान डोलावली. पण त्या वर्षी सकाळीच बापूसाहेबांनी पलीकडच्या पिंपावर गाडी घातली, चाक वाकलं, आणि दुपारची फेरी राहिली. "पुढल्या साली," बापूसाहेब म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

पुढल्या साली, म्हणजे सत्तावन्नच्या माघात, सगळं ठीक झालं. बापूसाहेबांच्या फेऱ्या सुरेख झाल्या. घड्याळवाल्या साहेबानं दोन मिनिटं नऊ सेकंद असं ओरडून सांगितलं. जेवणं झाली. लाउडस्पीकरवरून सोनबाचं नाव पुकारलं, तेही चुकीच्या आडनावासकट. सोनबानं पटका घट्ट बांधला, नांगरटीला निघालेल्या माणसासारखा गाडीच्या पाया पडला आणि आत बसायला पाय उचलला.

"थांबा," यादी घेतलेला अधिकारी म्हणाला. फौजेतून निवृत्त झालेला गृहस्थ, खाकी अर्धी चड्डी, मोजे गुडघ्यापर्यंत. तो सोनबाच्या पायांकडं पाहत होता. "बूट कुठे आहेत?"

"मी आसंच चालवतो, सायेब."

"अनवाणी चालणार नाही. नियम आहे."

सोनबानं नियम कधी वाचला नव्हता. बापूसाहेबांनीही नव्हता, कारण त्यांच्या पायात बूट असायचेच. सोनबाला समजावून सांगता येईना. काय सांगणार? तळव्याला दिसतं म्हणून? त्या अधिकाऱ्यानं वाईट असं काहीच केलं नव्हतं. तो आपल्या परीनं सोनबाचा पाय वाचवत होता.

तेवढ्यात बापूसाहेब खाली बसले आणि स्वतःच्या बुटांच्या नाड्या सोडू लागले.

"न्हाय, बापूसाहेब," सोनबा म्हणाला. "तुमचं पायताण मी..."

"गप. घाल. येळ जातुय."

उन्हानं तापलेल्या सिमेंटवर मालक नुसत्या मोज्यांवर उभे, शंभर माणसं बघताहेत, आणि त्यांचे बूट सोनबाच्या हातात. जन्मात त्यानं बूट घातला नव्हता, आणि पहिला घालायचा तो मालकाचा. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण नाही म्हणणंही त्याच्या हातात नव्हतं. मालकानं पायातलं काढून दिलं, ते परत करायचं म्हणजे त्यांचा अपमान. बूट दोन बोटं मोठे होते. पोत्यातल्या पुसायच्या चिंध्या पुढं कोंबून त्यानं ते घातले. बापूसाहेबांनी मोज्यांवरच पुढं येऊन हँडल मारलं, गाडी चालू झाली, आणि सोनबा रेषेवर आला.

त्यानं पाय क्लचवर ठेवला आणि त्याला काही लागलंच नाही. इंजिन पायाखाली ओरडत होतं आणि पाय बहिरा झाला होता. हिरवं निशाण खाली आलं. सोनबानं अंदाजानं पाय सोडला. गाडीनं एक गचका दिला, हातभर पुढं गेली आणि बंद पडली.

एवढी शांतता त्यानं त्या गाडीत कधी ऐकली नव्हती.

रेषेवर मदतीला कुणी यायचं नाही, ढकलायचं नाही, असाही एक नियम होता. सोनबा स्वतः उतरला, पुढं गेला, हँडल मारलं. तापलेलं इंजिन, पेट्रोल चढलेलं, ते धरेना. पुन्हा मारलं. पाय बुटात सरकत होते. हाच स्टार्टर त्यानं स्वतः मोठ्या हुशारीनं काढून टाकला होता आणि सात-आठ शेर वजन वाचलं म्हणून रामहरीला फुशारकीनं सांगितलं होतं. तिसऱ्यांदा मारलं. शिट्टी वाजली. अधिकाऱ्यानं हातानं बाजूला व्हायची खूण केली, अगदी सभ्यपणे, आणि पुढच्या गाडीचं नाव पुकारलं गेलं. दोघांनी गाडी बाजूच्या गवतात ढकलली. ढकलताना गिअरात होती, ती तिथं चटकन चालू झाली आणि नीट चालत राहिली. सोनबानं ती स्वतःच्या हातानं बंद केली. बूट काढले, पंच्यानं आतून-बाहेरून पुसले आणि बापूसाहेबांच्या पुढं ठेवले.

परतीच्या वाटेवर पाटसला चहाला थांबले. सोनबाचा चेहरा बघून बापूसाहेबांना भडभडून आलं असावं. चहावाल्यानं सहज विचारलं, "काय, आज शर्यत मारली का?" आणि बापूसाहेब एकदम म्हणाले, "मी न्हाय, आमच्या मिस्त्रीनं मारली. दोन मिनटं चार सेकंद! माझ्यापरास पाच सेकंद कमी."

सोनबानं चमकून वर पाहिलं. बापूसाहेबांनी डोळा मारला. मायेनं मारला, त्यात खोटेपणा नावालाही नव्हता. पडलेल्या पोराला उचलून मुंगी मेली म्हणावं, तसं त्यांनी केलं होतं. सोनबानं बशीत चहा ओतला. चहावाल्यासमोर मालकाला खोटं पाडायचं कसं? आणि चहावाला तरी कोण, पाटसचा माणूस, विसरून जाईल उद्या.

पण बापूसाहेबांना ते सांगायला गोड वाटलं. बाजारच्या दिवशी बारामतीत त्यांनी ते दहा जणांना सांगितलं, आणि प्रत्येक वेळी त्यात थोडी भर पडली. दुसऱ्या पिंपाच्या वळणावर मागचं चाक उचललं गेलं होतं म्हणे. घड्याळवाल्या साहेबानं टोपी काढली होती म्हणे. रामहरी काहील ठोकायची टाकून शेडवर आला, सोनबाला मिठी मारली आणि म्हणाला, "मर्दा, मला सांगायचं तरी! मी ठोकलेला पत्रा कसा राह्यला?"

"चांगला राह्यला," सोनबा म्हणाला. ते तर खरंच होतं.

आल्या रात्री 'मग सांगतो' म्हणून त्यानं घरी विषय टाळला होता; आता खरं सांगायचं ठरवलं. प्रयागबाई निदान आपली, तिच्यापाशी मालकाची लाज जात नव्हती. तो घरात शिरला तेव्हा चुलीवर डाळ शिजत होती आणि ती वेलदोडे कुटत होती.

"अगं, त्या फेरीचं," तो म्हणाला.

"कळलं मला," ती म्हणाली. तिचा चेहरा इतका उजळला होता, की लग्नाच्या दिवशीसुद्धा त्यानं तो तसा पाहिला नव्हता. "शेजारच्या भागूबाईनं सांगितलं, तिला बाजारात कळलं. उद्या शनवार हाय. नरसिंहपूरला जाऊ. देवाचं देवाला द्याय पायजे."

तिथंच बोलायला पाहिजे होतं. पण तिनं दोन वर्षं तो नवस सांभाळला होता. तिच्या तोंडावरचा तो उजेड आपल्या हातानं विझवायचा, हे सोनबाला झेपलं नाही. दुसऱ्या दिवशी संगमावर बुडी मारून ती ओल्या लुगड्यानं देवळाभोवती फिरली, माघातल्या गारठ्यानं कुडकुडत, आणि सोनबा खांबाशी हात जोडून उभा राहिला. देवाला तरी खरं ठाऊक होतं. पण नैवेद्य त्यानंही घेतला, आणि आता ह्या फेरीचं देणंघेणं वरच्या दरबारातसुद्धा मिटलं, असं सोनबाच्या मनात आलं.

तरी त्यानं आशा सोडली नाही, हे विशेष. पावसाळा सरल्यावर त्यानं बाजारातून पांढरे कापडी बूट घेतले. गाडी तपासायला न्यायची, गावाबाहेर पडल्यावर बूट घालायचे आणि अंथुर्ण्यापर्यंत जायचं. पहिले आठ-दहा दिवस गाडी जागोजाग बंद पडायची. रस्त्यानं जाणारे मेंढके थांबून बघायचे. मग हळूहळू घोट्याला कळायला लागलं, मग पोटरीला. संक्रांतीपर्यंत असं झालं, की डोळे मिटून क्लच सोडला तरी गाडी लोण्यासारखी निघायची. चाळिशीच्या माणसानं नवा पाय शिकून घेतला होता. आता फक्त मागायचं होतं, आणि ह्या वेळी तोंडानं मागायचं, हे त्यानं पक्कं केलं.

अठ्ठावन्नच्या माघात बापूसाहेब फॉर्म घेऊन शेडवर आले. बरोबर त्यांचे अंथुर्ण्याचे मेहुणे होते, आबासाहेब. सोनबानं पुढं होऊन रामराम केला. हात पुसले. "बापूसाहेब, येक बोलायचं हुतं," तो म्हणाला.

"बोल की. त्याआधी हे ऐक. ह्यांना लई हौस हाय. दुसरं नाव म्हटलं ह्या साली ह्यांचं लिवू. तुझी तर झालीच की गेल्या साली." बापूसाहेब आबासाहेबांकडं वळले आणि त्यांचे डोळे चमकायला लागले. "काय मारली हुती सांगू! दोन मिनटं चार सेकंद. त्या पलीकडल्या पिंपावर हे मागलं चाक आसं उचललं, मी डोळ्यानं बघितलं."

सोनबा त्यांच्याकडं बघत राहिला. डोळा मारतील म्हणून त्यानं वाट पाहिली. बापूसाहेबांनी डोळा मारला नाही. वर्षभर सांगून सांगून त्यांना ते दिसायला लागलं होतं. त्यांच्या स्वतःच्या मनात आता तीच फेरी होती. गवतात ढकललेली गाडी तिथं कुठं उरलीच नव्हती.

"तू काय म्हनत हुतास?" बापूसाहेबांनी विचारलं.

"काय न्हाय," सोनबा म्हणाला. "टायरं बदलाय पायजेत मागली."

त्या रविवारी दुपारी आबासाहेब गाडीत बसले. पायात नवे बूट होते. "मिस्त्री, ह्यो क्लच कुठं धरतुय?" त्यांनी घाबरून विचारलं. सोनबा त्यांच्या बाजूला वाकला आणि सगळं सांगितलं. टाच कुठं टेकायची, इंजिन किती चढू द्यायचं, घोट्यात कुठं हिसका लागला म्हणजे समजायचं. काही हातचं राखलं नाही. चुकीचं सांगावं असं एक क्षण त्याच्या मनात येऊन गेलं आणि त्याची त्याला शरम वाटली. निशाण पडलं. गाडी लोण्यासारखी निघाली.

पहिला, दुसरा, तिसरा. मग चौथा लागला, आणि तो सूर पट्टीभर पसरला. सोनबा दोरीला धरून उभा होता. तो रडला, आणि शेजारी उभे असलेले बापूसाहेब त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आपली लेक हाय बाबा, वाटनारच."

आबासाहेब परत आले ते हसतच. बापूसाहेबांनी विचारलं, कसं काय वाटलं, तर त्यांना काही सांगताच येईना. शेवटी ते सोनबाकडं वळले.

"ह्यांना काय कळनार," ते म्हणाले. "मिस्त्री, तुमाला म्हाईत हाय. तुमी मारलीय. तितं चौथ्यात गेल्यावर पायाखाली काय व्हतंय, सांगा की ह्यांना."

सगळे सोनबाकडं बघत राहिले. बापूसाहेबही, मोठ्या कौतुकानं.

"व्हय," सोनबा म्हणाला. "तसं सांगता यायचं न्हाय ते." आणि रेडिएटरचं पाणी बघायला तो पुढं गेला.